विरोध करणाऱ्यांचे म्हणणे तुमच्याच कागदांनी खरे ठरवले आहे

प्रति,
मत्स्यव्यवसाय मंत्री,
जपान, नॉर्वे आणि आइसलँड

विषय : देवमाशांच्या व्यापारी शिकारीला होणाऱ्या विरोधाला जाहीर पाठिंबा

महोदया, महोदय,

मोठ्या देवमाशांची व्यापारी शिकार उघडपणे चालू ठेवणारे देश आज जगात तीनच आहेत, म्हणून हे पत्र तिघांना मिळून लिहीत आहे. तुमची कायदेशीर भूमिका सारखी नाही, हे मला ठाऊक आहे. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने १९८२ मध्ये २५ विरुद्ध ७ मतांनी व्यापारी शिकारीला स्थगिती दिली, तेव्हा नॉर्वेने हरकत नोंदवली आणि त्या हरकतीच्या आधारावर १९९३ पासून शिकार पुन्हा सुरू केली. आइसलँड १९९२ मध्ये आयोगातून बाहेर पडला, २००२ मध्ये स्वतःपुरती सवलत राखून परत आला. जपान ३० जून २०१९ ला आयोगातून बाहेर पडला आणि दुसऱ्याच दिवशी त्याची जहाजे व्यापारी शिकारीला निघाली.

विरोध करणाऱ्यांबद्दल मात्र तिन्ही राजधान्यांतून एकच सूर ऐकू येतो. ही भावनेच्या भरात वाहून गेलेली मूठभर माणसे आहेत, त्यांना विज्ञान कळत नाही, आमची परंपरा कळत नाही, कॅमेरा दिसला की ती बोटी घेऊन धावतात. मी त्या बोटींवर कधी चढलेली नाही. पण ही माणसे माझ्या वतीने बोलतात असे मी मानते, आणि हे मानणारे जगभर किती आहेत याचा तुमचा अंदाज चुकतो आहे, म्हणून हे उघड पत्र.

मला तुमच्यापुढे एकच गोष्ट ठेवायची आहे. गेल्या पन्नास वर्षांत विरोध करणारे जे बोलले, त्यासाठी त्यांना खोटारडे आणि अतिरेकी म्हटले गेले. काही वर्षांनी तेच सरकारी दप्तरांतून, न्यायालयाच्या निकालातून, तुमच्याच निरीक्षकांच्या अहवालांतून बाहेर आले. हे एकदा घडले असते तर योगायोग म्हणता आला असता.

सुरुवात तुमच्या देशांबाहेरून करते. २७ जून १९७५ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून दूर ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेची काही माणसे रबरी होड्यांतून सोव्हिएत शिकारी जहाज आणि देवमासे यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. हार्पून, म्हणजे देवमाशावर डागायचा भाला, त्यांच्या डोक्यावरून गेला. ते चित्रीकरण दूरचित्रवाणीवर आले, आणि त्यानंतर हा विषय आयोगाच्या बैठकांच्या खोलीत पुन्हा कधी मावला नाही. ठरलेल्या मापापेक्षा लहान देवमासे मारले जात आहेत, असे त्या लोकांनी तेव्हाच सांगितले होते. सोव्हिएत संघाने अर्थातच मानले नाही, आणि आयोगाकडचे आकडे व्यवस्थित दिसत होते. पुढे १९९३ मध्ये अलेक्सेई याब्लोकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने खरी परिस्थिती उघड केली. जुन्या खऱ्या नोंदी जुळवल्यावर दिसले की सोव्हिएत ताफ्यांनी काही दशकांत सुमारे १ लाख ८० हजार देवमासे मारून ते कुठेच दाखवले नव्हते. आकड्यांत एवढा मोठा खड्डा होता, आणि त्या काळी समुद्रावर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहणारी माणसे ही रबरी होड्यांतलीच.

त्याच दशकात एका सरकारने वेगळे वागून दाखवले. ऑस्ट्रेलियात ऑल्बनीजवळ चेन्स बीच कंपनीचे, त्या देशातले शेवटचे शिकार केंद्र चालू होते. १९७७ मध्ये तिथे निदर्शने झाली, देशभर चर्चा पेटली. पंतप्रधान माल्कम फ्रेझर यांच्या सरकारने निदर्शकांना उडवून लावले नाही. निवृत्त न्यायाधीश सर सिडनी फ्रॉस्ट यांची चौकशी नेमली, सगळ्यांचे म्हणणे मागवले, शिकार कंपनीचेही ऐकले. नोव्हेंबर १९७८ मध्ये केंद्र बंद झाले, चौकशीने शिकार थांबवण्याची शिफारस केली आणि १९७९ मध्ये सरकारने ती स्वीकारली. तिथल्या कामगारांचा रोजगार गेला, त्यांना ते सोपे गेले नसणार, हे मी विसरत नाही. आज त्या जागी संग्रहालय आहे. देवमासे मारणारा देश काही वर्षांतच त्यांच्या बाजूने उभा राहिला, आणि त्यात कुणाची मानहानी झाली नाही.

आता जपान. जपानच्या मंत्रिमहोदयांना आधी एक गोष्ट सांगावीशी वाटते. युद्धानंतरच्या उपासमारीत तुमच्या लोकांनी देवमाशाच्या मांसावर दिवस काढले, शाळेच्या जेवणात मुलांना ते मिळाले, त्यावर एक पिढी जगली. त्या पिढीच्या आठवणींचा अपमान करणारे शब्द माझ्या बाजूच्या काही लोकांनी वापरले आहेत, जपानी माणसांना शिव्या देणारे फलक नाचवले आहेत. त्यांचा मी स्पष्ट निषेध करते. तो विरोध शिकारीला नव्हता, माणसांना होता, आणि त्याला माझा पाठिंबा नाही.

पण १९६२ मध्ये तुमच्या देशात देवमाशाच्या मांसाचा खप २ लाख ३० हजार टनांच्या वर होता आणि अलीकडे तो वर्षाला दोन हजार टनांच्या आसपास आला आहे, हेही तुमचेच आकडे. परंपरा लोकांच्या ताटातून केव्हाच उतरली आहे. तरी सरकारी तिजोरीतून तिला पैसा मिळत राहिला. २०११ च्या त्सुनामीनंतर पुनर्बांधणीसाठी जो निधी उभारला, त्यातले सुमारे २३० कोटी येन शिकारीच्या कार्यक्रमाकडे वळवले गेले. घरदार वाहून गेलेल्या माणसांच्या नावावर जमवलेला तो पैसा होता. हे वाचले तेव्हा आलेला संताप अजून गेलेला नाही.

१९८७ पासून तुमची जहाजे ‘संशोधन’ असे मोठ्या अक्षरांत लिहून अंटार्क्टिकाच्या समुद्रात जात. विरोध करणारे पहिल्या वर्षापासून सांगत होते की हा संशोधनाच्या नावाखाली चाललेला मांसाचा धंदा आहे. त्यांना विज्ञानाचे शत्रू म्हटले गेले. मग ऑस्ट्रेलियाने हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला आणि ३१ मार्च २०१४ रोजी १२ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला: अंटार्क्टिकातल्या त्या कार्यक्रमासाठी दिलेले परवाने वैज्ञानिक संशोधनाच्या हेतूने दिलेले ठरत नाहीत. २००५ पासून सुमारे ३,६०० मिंक देवमासे मारून हाती लागलेले विज्ञान फारच तुटपुंजे आहे, हे न्यायालयाने नोंदवले. निदर्शक पंचवीसेक वर्षे जे ओरडून सांगत होते, तेच न्यायाधीशांनी शांत भाषेत लिहिले.

आणि टोकियोतले ते दोघे? २००८ मध्ये ग्रीनपीस जपानच्या दोन कार्यकर्त्यांनी, दोघेही जपानी, देवमाशाच्या मांसाची एक पेटी मिळवली आणि सरकारी वकिलांकडे नेऊन दिली. जहाजावरचे लोक अनुदानित शिकारीतले मांस परस्पर घरी पाठवतात, असा त्यांचा आरोप होता. मांस पळवल्याची चौकशी थांबली आणि पेटी आणून देणाऱ्यांनाच अटक झाली. सप्टेंबर २०१० मध्ये चोरी आणि अतिक्रमणाबद्दल त्यांना एक वर्षाची स्थगित शिक्षा सुनावली गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तुमच्या मत्स्यव्यवसाय संस्थेने जाहीर माफी मागितली, कारण तिच्या अधिकाऱ्यांनी देवमाशाचे मांस भेट म्हणून घेतले होते. अधिकाऱ्यांवर शिस्तभंगाची कारवाई झाली. कार्यकर्त्यांची शिक्षा मात्र तशीच राहिली. विरोध बाहेरचे लोक करतात, हे म्हणणे या दोघांना आठवूनही तुम्हाला करता येते का?

अंटार्क्टिकातून तुम्ही माघार घेतलीत आणि आता फक्त स्वतःच्या सागरी हद्दीत शिकार करता, हे मी मान्य करते. ते चांगले झाले. पण २०२४ मध्ये सुमारे ७५० कोटी येन खर्चून ‘कांगेई मारू’ हे नवे मुख्य जहाज समुद्रात उतरले आणि त्याच वर्षी शिकारीच्या यादीत फिन देवमाशाची भर पडली, ५९ चा कोटा देऊन. निळ्या देवमाशाखालोखाल पृथ्वीवरचा हा सर्वांत मोठा प्राणी. खप कमी होत असताना एवढे मोठे जहाज बांधणे म्हणजे शिकार आणखी काही दशके चालवायची असे ठरवून टाकणे. तुमच्या लोकांना हे विचारले होते का?

आइसलँडबद्दल मला सर्वांत जास्त लिहायचे आहे, कारण सर्वांत स्वच्छ पुरावा तुमच्याच हातात आहे.

देवमासा कसा मरतो, हा प्रश्न विरोध करणारे नेहमी विचारत आले. हार्पूनच्या टोकाला स्फोटक असते. ते शरीरात शिरून फुटावे आणि मेंदूला किंवा हृदयाला इजा होऊन प्राणी तत्काळ मरावा, अशी अपेक्षा. पण नेम धरणारा हलत्या जहाजावर उभा, खाली लाटा, समोर क्षणभर वर येऊन पुन्हा बुडणारे वीस मीटर लांबीचे शरीर. २०२२ च्या हंगामात तुमच्या अन्न आणि पशुवैद्यकीय प्राधिकरणाने नीट नोंदी ठेवल्या. त्या वर्षी १४८ फिन देवमासे मारले गेले. ज्यांच्या मरण्याची वेळ मोजली गेली त्यातले ५९ टक्के तत्काळ मेले. ३६ देवमाशांवर एकापेक्षा जास्त वेळा हार्पून डागावे लागले, काहींवर चार वेळा. जे लगेच मेले नाहीत त्यांना मरायला लागलेला मध्यक वेळ, म्हणजे निम्म्यांना ज्याहून जास्त लागला तो, साडेअकरा मिनिटांचा. एक देवमासा दोन तास तडफडला. एकाच्या पाठीत हार्पून रुतलेले असताना पाच तास पाठलाग करूनही तो हाती लागला नाही, तो तसाच निघून गेला. मारलेल्यांत माद्या जास्त होत्या आणि त्यातल्या अकरा गाभण होत्या.

हे आकडे कोणत्याही चळवळीने काढलेले नाहीत. तुमच्या सरकारी पशुवैद्यकांचे आहेत. त्यानंतर तुमच्याच तज्ज्ञ मंडळाने जून २०२३ मध्ये सांगितले की या पद्धतीने केलेली शिकार प्राणिकल्याणाच्या कायद्यात बसूच शकत नाही. तेव्हाच्या मंत्री स्वांदीस स्वावार्सदोत्तिर यांनी २० जून २०२३ ला ऑगस्टअखेरपर्यंत शिकार थांबवली. मला तो निर्णय धाडसी वाटला आणि आजही वाटतो. नंतर संसदेच्या लोकपालांनी म्हटले की त्या थांबवण्याला पुरेसा कायदेशीर आधार नव्हता. तेही मी प्रामाणिकपणे इथे नोंदवते. पण त्या मतातून निघणारा अर्थ एवढाच की आधार देणारा कायदा करायला हवा. देवमासे मारण्याची पद्धत त्यामुळे निर्दोष ठरली नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये कडक नियम घालून शिकार पुन्हा सुरू झाली. ४ सप्टेंबरला पहाटे दोन स्त्रिया रेक्याविक बंदरात उभ्या असलेल्या शिकारी जहाजांच्या डोलकाठ्यांवर चढल्या आणि थंडी-वाऱ्यात तीस तासांहून अधिक काळ तिथे बसून राहिल्या. त्यांनी कुणाला इजा केली नाही, काही मोडले नाही. खाली गोदीवर त्यांच्यासाठी लोक जमले, त्यांत आइसलँडचेही नागरिक होते. त्याच वर्षी झालेल्या एका जनमत चाचणीत आइसलँडमधले ५१ टक्के लोक शिकारीच्या विरोधात होते आणि बाजूने २९ टक्के. त्या दोघी वर बसून तुमच्या बहुसंख्य जनतेचे मत सांगत होत्या. आणि नवे नियम लागू होऊन पंधरवडा होत नाही तोच एका जहाजाचे काम तुमच्या प्राधिकरणाला थांबवावे लागले. पहिला हार्पून नेमक्या जागी लागला नव्हता आणि दुसरा डागेपर्यंत अर्ध्या तासाच्या आसपास वेळ गेला होता. नियम कितीही घट्ट आवळले तरी समुद्र हलायचा थांबत नाही.

असे असूनही डिसेंबर २०२४ मध्ये, निवडणुकीत हार पत्करलेल्या काळजीवाहू सरकारने जाता जाता पाच वर्षांचे परवाने देऊन टाकले. वर्षाला २०९ फिन देवमासे आणि २१७ मिंक. मावळत्या सरकारने इतक्या वादाच्या प्रश्नावर पुढच्यांचे हात बांधावेत, हे लोकशाहीच्या कोणत्या रीतीत बसते? २०२४ आणि २०२५ च्या उन्हाळ्यात तुमच्याकडे एकही फिन देवमासा मारला गेला नाही. २०२५ ला कंपनीने कारण दिले ते जपानमधल्या बाजारभावाचे. म्हणजे ज्या उद्योगासाठी एवढा आटापिटा, तो परक्या देशातल्या भावावर चालतो किंवा बंद पडतो. दुसरीकडे जिवंत देवमासे पाहायला हुसाविकसारख्या गावांत दरवर्षी पर्यटक येतात, आणि त्यावर तिथल्या कुटुंबांचे घर चालते.

नॉर्वेबद्दल थोडक्यात. तुमचे आकडे आइसलँडपेक्षा बरे आहेत, हे मला मान्य आहे. २०११ आणि २०१२ मध्ये तुमच्याकडे २७१ मिंक देवमाशांच्या मृत्यूची नोंद झाली, त्यातले ८२ टक्के तत्काळ मेले. उरलेल्या ४९ देवमाशांचा मध्यक वेळ सहा मिनिटांचा होता. खाटीकखान्यात एखादा प्राणी सहा मिनिटे असा मरत राहिला तर तुमचाच कायदा तो कारखाना बंद करील. २०२५ चा कोटा १,४०६ होता. तुमचे शिकारी गेली कित्येक वर्षे कोटा भरू शकलेले नाहीत, कारण तेवढी गिऱ्हाइकेच नाहीत. तरी आकडा चढतो. शिवाय तुमच्या जहाजांवर निरीक्षकांच्या जागी एक यंत्र बसवलेले आहे, हार्पून केव्हा सुटला आणि देवमासा केव्हा वर ओढला याची नोंद करणारे. माणूस नसेल तर प्राण्याला किती वेदना झाल्या हे सांगणार कोण? मूठभर आंदोलकांना दूर ठेवायचे आणि स्वतःचा साक्षीदारही जहाजावर ठेवायचा नाही, हे पटत नाही.

तुम्ही म्हणाल, स्थगिती आता अनावश्यक आहे, संख्या वाढली आहे. वाढली कशामुळे? विसाव्या शतकात यांत्रिक जहाजांनी सुमारे २९ लाख देवमासे मारले. अंटार्क्टिकातले निळे देवमासे एक टक्क्याखाली आले. नैऋत्य अटलांटिकमधले हंपबॅक जातीचे देवमासे साडेचारशेच्या आसपास उरले होते, ते संरक्षण मिळाल्यावर पंचवीस हजारांच्या घरात पोहोचले. हे हंपबॅक शिकार थांबल्यामुळे परत आले. ते परत आले म्हणून शिकार पुन्हा सुरू करायची, हा युक्तिवाद ऐकताना मला आजारातून उठलेल्या माणसाचे औषध आता पुरे म्हणणाऱ्या घरच्यांची आठवण होते. आणि सगळे परत आलेले नाहीत. तुम्ही ज्यांना मारता त्यातला सेई देवमासा आजही संकटग्रस्त गणला जातो.

ग्रीनलँड, अलास्का किंवा चुकोटकाच्या किनाऱ्यांवर मूळ रहिवासी पोटासाठी मर्यादित शिकार करतात, तिला आयोगाने वेगळे स्थान दिले आहे आणि माझे हे पत्र त्यांच्याविरुद्ध नाही.

शेवटी सी शेफर्ड या शिकारविरोधी संघटनेचे संस्थापक पॉल वॉटसन यांच्याविषयी. त्यांच्या सगळ्या मार्गांशी मी सहमत नाही. १९८६ मध्ये सी शेफर्डच्या लोकांनी रेक्याविक बंदरात शिकारीची दोन जहाजे बुडवली, तसले प्रकार मला चुकीचे वाटतात. पण जुलै २०२४ मध्ये ग्रीनलँडमधल्या नूकच्या बंदरात त्यांना जपानच्या वॉरंटवरून अटक झाली ती १४ वर्षांपूर्वीच्या घटनेसाठी, आणि त्यांना जवळजवळ पाच महिने कोठडीत राहावे लागले. त्या काळात फ्रान्सपासून इतर अनेक देशांत सामान्य लोकांनी रस्त्यावर येऊन त्यांच्या सुटकेची मागणी केली, सह्यांचे अर्ज भरले. १७ डिसेंबर २०२४ ला डेन्मार्कने त्यांना जपानच्या ताब्यात द्यायला नकार दिला. एका वृद्ध माणसाला तुरुंगात ठेवून जपानला जे दडपायचे होते, तो विषय त्या पाच महिन्यांत वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर आला.

माझ्या मागण्या अशा आहेत. आइसलँडने आपल्याच तज्ज्ञ मंडळाचे मत कायद्यात उतरवावे आणि डिसेंबर २०२४ चे परवाने रद्द करावेत, गरज पडली तर कंपनीला नुकसानभरपाई देऊन. नॉर्वेने प्रत्येक शिकारी जहाजावर स्वतंत्र पशुवैद्यक ठेवावा आणि प्रत्येक देवमासा किती वेळात मेला याच्या नोंदी दरवर्षी लोकांपुढे मांडाव्यात. त्या नोंदी पाहून तुमच्या नागरिकांनाच ठरवू द्या. जपानने आयोगात परत यावे, शिकारीला मिळणारी सरकारी मदत थांबवावी आणि त्या पैशातून ताइजी, आयुकावासारख्या किनारी गावांतल्या शिकारी कुटुंबांना दुसरा व्यवसाय उभारून द्यावा. आणि तिघांनीही अहिंसक निदर्शन करणाऱ्यांवर गुन्हेगाराचा शिक्का मारणे सोडावे.

हे पत्र मिळाल्याची नोंद नको, उत्तर हवे आहे. विशेषतः आइसलँडच्या मंत्रिमहोदयांकडून: २०२२ च्या त्या १४८ देवमाशांच्या नोंदी हातात असताना २०९ चा कोटा कोणत्या आधारावर दिला गेला? उत्तर आले तर ते जसेच्या तसे याच वाचकांपुढे ठेवीन.

कळावे,
शिकारीला विरोध करणाऱ्यांच्या पाठीशी उभी असलेली एक नागरिक